मोबाईलवरचं गणित आणि गटाची वही

“आमचं शिक्षण कमी, पोरीला दहावीचं गणित कसं शिकवणार?” असं आम्ही गटाच्या बैठकीत नेहमी ऐकतो. आज त्याबद्दलच बोलू.

बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात चौकोनी क्यूआर कोड असतो. मोबाईलमध्ये ‘दीक्षा’ ॲप घ्यायचं आणि त्यातून तो कोड स्कॅन करायचा. धड्याचे व्हिडिओ फुकट दिसतात. गावात रेंज नसेल तर अहेरीला बाजाराला आलो की डाउनलोड करून ठेवायचे; मग घरी नेटशिवाय चालतात.

पण नुसतं बघून गणित येत नाही. उदाहरण आलं की व्हिडिओ थांबवायचा, मुलीने ते वहीत सोडवायचं, मग पुढे बघायचं. “हे कसं आलं, मला सांग,” एवढं विचारायला आपल्याला दहावी पास व्हावं लागत नाही.

श्रेढीचा धडा झाला की आम्ही गटाची वही पुढे ठेवतो. समजा कर्ज 12,000 रुपये, व्याज महिन्याला शेकडा 1 रुपया, दरमहा मुद्दल फेडायचं 1,000. उरलेल्या मुद्दलावर व्याज 120, 110, 100 असं उतरत बाराव्या महिन्यात 10 होतं. हीच श्रेढी. पहिलं आणि शेवटचं मिळून 130, अशा 6 जोड्या, म्हणजे 780 रुपये. कोणी दरमहा सरसकट 120 घेतले तर 1,440 होतात. तब्बल 660 जास्त!

हा हिशोब मुलीने आईला समजावून सांगितला, की तिचा धडा पक्का झाला, आणि आईलाही कोणी फसवू शकत नाही.