काचेच्या भांड्यांची नोंदवही

आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्या बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच गावात बनलेल्या रंगीत फुलदाण्या आणि पेले आज अमेरिका-इंग्लंडमधले हौशी लोक जपून ठेवतात, त्यांची मापं वहीत लिहितात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. या काचेला ‘कार्निव्हल ग्लास’ म्हणतात. कार्निव्हल म्हणजे जत्रा. ही जत्रेतली काच ओळखायची कशी आणि तिची नोंद ठेवायची कशी, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आधी ती बनते कशी ते पाहू. १९०७ च्या सुमारास अमेरिकेतल्या विल्यमस्टाउन गावी फेंटन कारखान्याने ही काच बाजारात आणली. वितळलेली काच लोखंडी साच्यात घालून वरून दाबायची, म्हणजे नक्षी उमटते. भांडं गरम असतानाच त्यावर धातूच्या क्षारांचं पाणी फवारायचं. मग काचेवर रंगांची पातळ साय धरते. पावसात रस्त्यावरच्या डबक्यात तेल सांडलं की जसे रंग दिसतात, तशी. काठ मात्र कारागीर हाताने वळवत, आपण करंजीला मुरड घालतो तसे. श्रीमंतांच्या घरची चमकदार काच महाग असे. ही साध्या माणसाला परवडे. जत्रेत बक्षीस म्हणून मिळणारी काच, अशी तिची ओळख पुढे रूढ झाली आणि तेच नाव चिकटलं.

१९३० नंतर अमेरिकेत हे काम जवळजवळ थांबलं. बहुतेक भांड्यांवर कारखान्याचं नाव नव्हतं. एका पिढीत कोणतं भांडं कुणी केलं हे सांगणारंही कुणी उरलं नाही.

१९६० च्या दशकात दोन बायकांनी हे काम अंगावर घेतलं. कॅन्सस राज्यातल्या मॅरियन हार्टुंग यांनी नक्षी पाहून, रेघांची चित्रं छापून एकामागून एक दहा पुस्तकं काढली. ओहायो राज्यातल्या रोझ प्रेझ्निक यांनी पुस्तकं तर लिहिलीच, शिवाय शेतावरच्या कोठारात या काचेचं संग्रहालय मांडलं. नक्षीची मूळ नावं हरवली होती, म्हणून त्यांनी नवी ठेवली. कधी एकाच नक्षीला दोघींनी वेगवेगळी नावं दिली. त्यामुळे जाणकार आजही वहीत दोन्ही नावं लिहितात.

आता नोंद कशी करायची? आपल्या बचत गटाच्या वहीसारखीच. प्रत्येक भांड्याला एक क्रमांक आणि एक पान. उंची, तोंडाची रुंदी, बुडाची रुंदी आणि वजन लिहायचं. एकाच साच्यातून निघालेलं भांडं काठ वळवल्यावर कधी वाडगा होतं, कधी ताट. म्हणून नुसता आकार पाहून ठरवायचं नाही; बुडाचं माप आणि नक्षी जुळते का ते बघायचं. नक्षी आतून आणि बाहेरून वेगळी असू शकते, दोन्ही लिहायच्या.

रंग ठरवताना वरच्या चमकेला भुलायचं नाही. भांडं उजेडात धरून जिथे साय बसलेली नाही तिथे, बहुधा बुडाशी, काचेचा खरा रंग पाहायचा. ‘मॅरिगोल्ड’ म्हणजे आपला झेंडू. त्या रंगाच्या भांड्याची काच मुळात बिनरंगी असते, झेंडूचा रंग फक्त वर असतो. शेवटी टवका, तडा, ओरखडा कुठे आहे आणि वस्तू कुणाकडून, कधी आली, हे लिहायचं.

बुडावरची खूण तर बघायचीच, पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. नॉर्थवूड कारखान्याची खूण म्हणजे गोलात इंग्रजी ‘एन’ आणि त्याखाली रेघ. पुढे तिच्यासारखीच खूण असलेला नवा माल आला आणि लोक जुना समजून घेऊ लागले. अखेर संग्राहकांच्या संघटनेने त्या खुणेचा हक्कच विकत घेतला. फेंटनने १९७० मध्ये ही काच पुन्हा सुरू केली, तेव्हा नवी काच कळावी म्हणून तिच्यावर आपलं नाव उमटवलं. १९८० नंतरच्या दशकात नावाखाली आठचा आकडा आला, त्यापुढच्या दशकात नऊचा.

आता फिरोजाबादकडे वळू. तिथल्या जैन ग्लास वर्क्सच्या मासा, हत्ती आणि माणसाचा हात अशा घडणीच्या फुलदाण्या परदेशी संग्राहकांच्या याद्यांत आहेत. काही पेल्यांच्या बुडाशी इंग्रजी अक्षरांत ‘जैन’ असं वाचता येतं. तेवढ्या अक्षरांमुळे त्या वस्तूचं गाव सांगता येतं. पण भट्टीपाशी उभं राहून ती घडवणाऱ्यांची नावं कुठल्याच भांड्यावर नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्या फडताळातही आजीच्या लग्नातला एखादा रंगीत पेला किंवा फुलदाणी असेल. जुना बाजारवाला दारात येतो, पाच-पन्नास रुपये हातावर ठेवतो आणि वस्तू जाते. ती कुठून आली, कुणी दिली, कोणत्या सणाला निघायची, हे सगळं तिच्याबरोबर जातं. विकायला हरकत नाही. पण आधी पान लिहा, बुडासकट फोटो काढा, मग भाव बोला. माहिती असलेल्या बाईला कुणी सहज फसवत नाही.

धुताना राख, तारेची घासणी आणि लिंबू-चिंच वापरू नका. रंगाची साय उतरते. टबात जुनं फडकं अंथरून कोमट पाणी आणि थोडा साबण पुरे. क्रमांकाची चिठ्ठी चिकटवू नका, भांड्याच्या आत ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तिचं एक पान लिहून आणा. काच नसेल तर तांब्या, पाटा, गोधडी काहीही चालेल. सांगणारं माणूस घरात आहे, तोवर विचारून घेऊ या.