टीव्हीवरील पाठ का अडतो?

वायफाय-जोडणीतील दोष शोधण्याची रीत

ग्रामस्थांच्या वर्गणीतून अथवा शासकीय योजनेतून शाळेस टीव्ही संच मिळतो. त्याच्या पाठीमागे बसवावयाची बोटभर लांबीची स्ट्रीमिंग स्टिकही त्याबरोबर येते. इंटरनेटवरील चित्रे, गाणी व पाठ टीव्हीच्या पडद्यावर आणणे हे या स्टिकचे काम होय. प्रारंभीचे काही दिवस सर्व सुरळीत चालते. मग एके दिवशी ‘जोडणी होऊ शकली नाही’ असा मजकूर पडद्यावर उमटतो. दोनचार वेळा खटपट होते आणि साधन खोक्यात घालून कपाटात ठेवले जाते. जडसंग्रह नोंदवहीत ते शिल्लक दिसते, वर्गात मात्र दिसत नाही. कालांतराने ‘नादुरुस्त’ असा शेरा पडून त्याचे नाव निर्लेखनाच्या यादीत जाते.

वास्तविक अशा वेळी साधनात पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. अडचण जोडणीत असते, आणि ती शोधण्यास कारागिराची नव्हे तर क्रमाची आवश्यकता असते. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांना भरतीओहोटी दाखविण्याची संधी केवळ एका अक्षराच्या चुकीमुळे हुकावी, ही गोष्ट शाळेस परवडणारी नाही.

तीन टप्पे

गावच्या नळाला पाणी आले नाही, तर दोष तीन ठिकाणी असू शकतो: घरच्या तोटीत, टाकीपासून येणाऱ्या नळात, किंवा विहिरीवरच्या पंपात. वायफायचेही तसेच आहे. पहिला टप्पा स्टिकपासून राउटरपर्यंत. हा बिनतारी असतो. दुसरा टप्पा राउटरपासून बाहेरच्या इंटरनेटपर्यंत. तिसरा टप्पा म्हणजे ज्या ठिकाणाहून पाठ यावयाचा ते दूरचे केंद्र. पडद्यावरील मजकूर नीट वाचला, तर दोष कोणत्या टप्प्यात आहे याचा बराचसा उलगडा होतो. वायफायचे नावच यादीत दिसत नसेल, किंवा नाव दिसूनही जोडणी होत नसेल, तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. ‘जोडले आहे, परंतु इंटरनेट नाही’ असे दिसल्यास बहुधा दुसऱ्या टप्प्यात. इतर सर्व चालून एखादेच ॲप उघडत नसेल, तर तिसऱ्यात. यास्तव मजकूर जसाच्या तसा कागदावर उतरवून घेणे, हे पहिले काम होय.

प्रथम दोन परीक्षा

पहिली परीक्षा अशी. शिक्षकाने आपला मोबाइल त्याच वायफायला जोडावा, मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा आणि मग एखादे पान उघडून पाहावे. डेटा बंद करणे अगत्याचे आहे. कारण वायफायवर इंटरनेट नसल्यास मोबाइल गुपचूप स्वतःच्या डेटावर काम चालवितो आणि पाहणाऱ्याची फसगत होते. मोबाइलवरही पान उघडले नाही, तर स्टिकला दोष देण्यात अर्थ नाही. राउटर अथवा बाहेरची वाहिनी तपासावी.

दुसरी परीक्षा याच्या उलट आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून स्टिक त्याला जोडावी. ती जोडली गेली, तर स्टिक निर्दोष असून अडचण शाळेच्या राउटरमध्ये वा त्याच्या मांडणीत आहे, असे समजावे. या दोन परीक्षांस दहा मिनिटेही लागत नाहीत.

नाव यादीत दिसत नाही, तेव्हा

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते: २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्याच्या लहरी दूरवर पोहोचतात व भिंतींतून अधिक चांगल्या जातात. दुसऱ्या पट्ट्याचा वेग अधिक, पण पल्ला कमी. जुन्या व स्वस्त साधनांपैकी कित्येकांना केवळ २.४ चाच पट्टा कळतो. राउटर किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट फक्त ५ वर चालू असेल, तर अशा साधनास ते नाव दिसतच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये पट्टा २.४ करावा, राउटरवर दोन्ही पट्टे चालू ठेवून त्यांना वेगवेगळी नावे द्यावीत, म्हणजे कोणता पट्टा निवडला हे स्पष्ट कळते.

२.४ च्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल वापरले जातात. तथापि उत्तर अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी बनविलेली साधने सहसा पहिले ११ च ओळखतात. राउटर १२ वा १३ वर गेला असल्यास तो १, ६ किंवा ११ वर आणावा. हे तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत.

जागेचाही विचार करावा. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे, धातूच्या पत्र्याआड, भिंतीला चिकटून राहते; तेथे लहरी क्षीण होतात. एचडीएमआयची आखूड जोडकेबल लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर आणल्यास पुष्कळ फरक पडतो. राउटर लोखंडी कपाटावर किंवा कपाटात ठेवू नये. मुख्याध्यापकांच्या खोलीतील राउटर व वर्ग यांच्यामध्ये दोन जाड भिंती असतील, तर परीक्षेपुरता तरी राउटर वर्गात आणून पाहावा.

नाव दिसते, पण जोडणी होत नाही, तेव्हा

येथे सर्वप्रथम पासवर्ड पाहावा. इंग्रजी लहान व मोठी अक्षरे वायफायला निरनिराळी वाटतात. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांची गल्लत रिमोटने टंकताना सहज होते. ‘पासवर्ड दाखवा’ असा पर्याय असल्यास तो निवडून अक्षरे एकेक करून ताडून पाहावीत. पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल, तर स्टिक जुनाच पासवर्ड पुढे करीत राहते. म्हणून सेटिंगमधून ते नेटवर्क ‘विसरा’ असा आदेश देऊन पुन्हा नव्याने जोडावे.

दुसरे कारण संरक्षणाच्या पद्धतीचे. डब्ल्यूपीए-३ ही पद्धत २०१८ साली आली. त्यापूर्वीच्या अनेक साधनांना ती उमगत नाही. राउटरवर डब्ल्यूपीए-२ व ३ अशी मिश्र पद्धत ठेवावी. जोडणी होत नाही म्हणून पासवर्डच काढून टाकणे मात्र अयोग्य होय; मग शाळेचे वायफाय कोणाच्याही हाती जाते.

तिसरे कारण विजेचे. काही शाळांत स्टिकला वीज टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून देतात. साध्या यूएसबी २.० पोर्टातून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह मिळण्याची हमी असते. कित्येक स्टिकना याहून अधिक लागतो. वीज अपुरी पडली की स्टिक मध्येच बंद पडते, पुन्हा सुरू होते आणि जोडणी तुटते. स्टिकबरोबर आलेला अडॅप्टरच भिंतीवरील प्लगमध्ये लावावा.

चौथे कारण गर्दीचे. मोबाइलचा हॉटस्पॉट ठरावीक साधनांपेक्षा अधिक साधने घेत नाही. नको ती साधने तोडून पाहावीत.

जोडले आहे, पण इंटरनेट नाही, तेव्हा

वीज जाऊन आल्यावर सर्व साधने एकदम जागी होतात. राउटर तयार होण्यापूर्वीच स्टिक त्यास हाक मारते आणि निराश होऊन थांबते. म्हणून प्रथम राउटर सुरू करावा, पाचेक मिनिटे थांबावे व मगच स्टिकला वीज द्यावी. २०११ साली मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने चाललेल्या योजनेतून अथवा अन्य मार्गाने फायबर आले असेल, तर त्याच्या पेटीवरील दिवे पाहावेत. एल-ओ-एस या अक्षरांजवळ लाल दिवा लागला असल्यास फायबरमधून प्रकाश येत नाही. हा दोष सेवा देणाऱ्यासच कळवावयाचा. रिचार्जची मुदत संपली नाही ना, हेही पाहून घ्यावे.

स्टिकच्या सेटिंगमध्ये तिला मिळालेला आयपी पत्ता दिसतो. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरने तिला पत्ताच दिलेला नाही असे समजावे आणि राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. काही सार्वजनिक वायफायवर जोडल्यानंतर पडद्यावर पान उघडून क्रमांक नोंदवावा लागतो. असे पान ज्या स्टिकवर उघडत नाही, ती तेथे अडून राहते.

शेवटी घड्याळ पाहावे. दूरच्या केंद्राची ओळख पटविणारे जे दाखले असतात, त्यांस आरंभाची व अखेरची तारीख असते. दीर्घ सुट्टीनंतर साधनातील तारीख मागे राहिली असेल, तर खरा दाखलाही खोटा ठरतो. तारीख व वेळ दुरुस्त करताच जोडणी पूर्ववत होते.

पाटी पुसण्याची घाई नको

सर्व सेटिंग पुसून साधन कोऱ्या अवस्थेत नेण्याचा, म्हणजे फॅक्टरी रीसेटचा, उपाय अनेकजण सर्वांआधी योजतात. तो सर्वांत शेवटचा असावा. ९ मार्च २०२५ रोजी गूगलच्या क्रोमकास्ट या साधनाची २०१५ सालची दुसरी आवृत्ती जगभर एकाएकी चालेनाशी झाली. वापरणाऱ्यांचे वायफाय ठीक होते आणि साधनेही ठीक होती. साधनांतील ओळखीच्या दाखल्याची मुदत तेवढी संपली होती. रीसेट करू नका, असे कंपनीने कळविले, आणि काही दिवसांत दुरुस्ती इंटरनेटवरूनच साधनांपर्यंत पोहोचू लागली. परंतु ज्यांनी घाईने रीसेट केले होते, त्यांना साधन पुन्हा मांडणेच कठीण झाले. कधीकधी दोष तिसऱ्या टप्प्यात असतो आणि वाट पाहणे हाच उपाय असतो, हे यावरून ध्यानात येईल.

भागाकाराचे उत्तर चुकले म्हणून चांगला शिक्षक विद्यार्थ्याची पाटी पुसत नाही. तो प्रत्येक पायरी पाहतो आणि चूक जेथे झाली तेथेच बोट ठेवतो. येथेही तीच रीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, लिहून ठेवावा व मग पुढे जावे. तीन गोष्टी एकदम बदलल्यास काम कदाचित होईल, पण दोष कशात होता हे कळणार नाही आणि पुढील महिन्यात तोच प्रश्न पुन्हा उभा राहील.

शाळेत करावयाची व्यवस्था

साधनासाठी एक छोटी वही ठेवावी. तीत तारीख, पडद्यावरील मजकूर, केलेला उपाय व परिणाम असे चार रकाने असावेत. वायफायचे नाव व पट्टा तीत लिहावा. पासवर्ड मात्र फळ्यावर वा भिंतीवर लिहू नये. तो मुख्याध्यापकांजवळ राहावा. वरच्या वर्गातील मुलांना ही तपासणी पाहू द्यावी आणि ‘आता दोष कोठे असेल?’ असे विचारावे. अनुमान करणे, पडताळणे व चुकीचे अनुमान सोडून देणे हा विज्ञानाचाच पाठ आहे.

पाठ मात्र जोडणीवर सर्वस्वी अवलंबून ठेवू नये. दीक्षा ॲपमधील उतरवून घेता येणारे पाठ आदल्या दिवशी मोबाइलवर घेऊन ठेवता येतात. एवढे करूनही स्टिक जुळली नाही, तर वहीतील नोंदींसह ती केंद्रशाळेत न्यावी. दुसऱ्या वायफायवर तिची परीक्षा झाल्याशिवाय ‘नादुरुस्त’ हा शेरा मारू नये. वर्गणी देणाऱ्या ग्रामस्थांस शाळेने एवढा हिशेब दिलाच पाहिजे.