उजाड समुद्रही स्थिर असतो

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अन्नसाखळीचं एक चित्र हमखास असतं. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार आणि मधे बाण. खाली प्रश्न: या साखळीतले साप नाहीसे झाले तर काय होईल? उत्तरही ठरलेलं. बेडूक वाढतील, नाकतोडे घटतील, निसर्गाचा समतोल बिघडेल. दोन गुण. उत्तर चूक नाही, पण त्यात दोन गोष्टी गुपचूप गृहीत धरलेल्या आहेत. एक, साखळीतल्या सगळ्या कड्या सारख्याच वजनाच्या असतात. दुसरी, समतोल म्हणजे काहीतरी चांगलंच. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेली साठ वर्षं जे पाहिलं गेलं, त्यात या दोन्ही समजुती टिकल्या नाहीत.

साप काढून टाकला तर काय होईल, हे कागदावर न सोडवता करूनच बघावं असं परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांना वाटलं. साप नव्हे, तारामासा. वॉशिंग्टन राज्यातल्या मकॉ बे या खडकाळ किनाऱ्यावर १९६३ पासून ते ओहोटीच्या वेळी पहार घेऊन जायचे, खडकाला घट्ट चिकटलेले जांभळे-नारिंगी तारामासे उपटायचे आणि खोल पाण्यात भिरकावून द्यायचे. शेजारच्या पट्ट्याला त्यांनी हात लावला नाही. तिथे सगळं होतं तसंच राहिलं. तारामासे काढलेल्या पट्ट्यात मात्र सुरुवातीला बार्नकल पसरले, मग शिंपल्यांनी त्यांनाही बाजूला सारलं. आपल्या कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांच्याच गोतातले हे शिंपले. पेन यांनी मोजल्या होत्या त्या १५ जातींपैकी ८ उरल्या आणि पुढे खडकावर शिंपल्यांचंच राज्य झालं.

गंमत अशी, की नाहीशा झालेल्या जातींपैकी बऱ्याच जणांना तारामासा खातही असे. खाणारा गेला आणि त्याचं भक्ष्यही गेलं! कारण खडपावर खरी मारामारी अन्नापेक्षा जागेसाठी असते आणि त्या मारामारीत शिंपले सगळ्यांना भारी पडतात. तारामासा शिंपले खाऊन जागा मोकळी करत राहतो, म्हणून बाकीच्यांचं निभावतं. बाणांच्या चित्रात हे दिसत नाही, कारण तारामासा आणि शेवाळ यांच्यामध्ये बाणच नसतो. अशा जातीला पेन यांनी १९६९ मध्ये ‘कीस्टोन’ म्हटलं, म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा तो एक दगड. आता हा शब्द कुठल्याही देखण्या प्राण्याला बहाल केला जातो. पेन यांचा मुद्दा कडक होता: संख्येच्या मानाने प्रभाव फारच मोठा हवा आणि तो त्या जातीला काढून तपासलेला हवा.

याच सुमारास गणिताच्या बाजूने एक वेगळा धक्का आला. साधे समाज लवकर कोलमडतात, गुंतागुंतीचे टिकतात, असं तोवर बहुतेकांचं मत होतं. चार्ल्स एल्टन यांनी १९५८ च्या पुस्तकात दाखले दिले होते. एकाच पिकाच्या शेतावर कीड तुटून पडते, छोट्या बेटांवर बाहेरून आलेले प्राणी धुमाकूळ घालतात. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये ‘नेचर’मधल्या छोट्याशा लेखात हिशेब उलटा मांडला. जाती आणि त्यांच्यातले संबंध जर कसेही, यादृच्छिक जोडले, तर जितक्या जाती जास्त आणि धागे जास्त, तितकं जाळं डळमळण्याची शक्यता अधिक. मग पावसाळी जंगलं आणि प्रवाळांची बेटं उभी कशी? मे यांचं गणित बरोबरच होतं. निसर्गातली जाळी यादृच्छिक नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

ती कशी विणलेली असतात, याचं एक उत्तर पुन्हा पेन यांच्याच किनाऱ्यावरून आलं. शेवाळ चरणाऱ्या प्रत्येक प्राण्याचा शेवाळावर किती परिणाम होतो, हे त्यांनी मोजलं आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. मोजके संबंध जबरदस्त, बाकीचे जवळजवळ नगण्य. १९९८ मध्ये मॅककॅन आणि सहकाऱ्यांनी प्रतिकृती रचून दाखवलं की हे नगण्य वाटणारे धागेच जाळं शांत ठेवतात. एकाच भक्ष्यावर जगणारा शिकारी ते संपेपर्यंत खातो, मग स्वतः उपाशी मरतो, मग भक्ष्य बेसुमार वाढतं आणि हे हेलकावे चालूच राहतात. त्याच शिकाऱ्याला अधूनमधून चघळायला आणखी चार जाती असतील, तर पहिली दुर्मीळ झाल्यावर तो तिकडे वळतो आणि पहिलीला सावरायला उसंत मिळते. म्हणून ‘ही जात तशी बिनमहत्त्वाची’ हे वाक्य कुणी ठामपणे म्हटलं, की मला जरा धास्तीच वाटते.

आता उत्तरेकडे, अलास्काच्या अल्यूशन बेटांवर. बेरिंगच्या १७४१ च्या मोहिमेनंतर तिथल्या समुद्री पाणमांजरांच्या कातड्यासाठी शिकाऱ्यांची रीघ लागली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली, तेव्हा सगळ्या पॅसिफिकमध्ये मिळून एक-दोन हजारच उरली असावीत. पुढे काही बेटांवर ती पुन्हा वाढली, काहींवर पोहोचलीच नाहीत. नकळत एक प्रयोगच मांडला गेला होता. जेम्स एस्टिस हा तरुण संशोधक आम्चिट्का बेटावर आला तो अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पैशावर, कारण त्या बेटावर जमिनीखाली अणुचाचण्या चालल्या होत्या. केल्प या उंच समुद्री शेवाळाची जंगलं पाणमांजरांना कशी पोसतात, हे तो शोधणार होता. पेन यांच्याशी गाठ पडली आणि त्यांनी प्रश्न उलटा करून बघायला सुचवलं: पाणमांजरं जंगलाला काय देतात?

उत्तर मिळायला शेम्या बेटाजवळ पाण्यात एक बुडी पुरली. तिथे पाणमांजर नव्हतं. तळभर हिरवट, काटेरी, गोल अर्चिन पसरलेले आणि केल्पचं नाव नाही. आम्चिट्काच्या पाण्यात मात्र घनदाट जंगल. पाणमांजराच्या अंगावर चरबीचा थर नसतो. थंड पाण्यात उब टिकवायला ते रोज वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा खातं आणि त्यात अर्चिन आवडीचे. १९७४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. १९९० च्या दशकात गोष्टीला आणखी एक मजला चढला. अल्यूशनमधली पाणमांजरं झपाट्याने घटली, अर्चिन वाढले, जंगलं उतरणीला लागली. एस्टिस यांचा संशय ओर्का देवमाशांवर होता. ओर्काला शिरता येत नाही अशा एका खाडीतली पाणमांजरं तेवढी शाबूत होती. हिशेब असा निघाला की सुमारे ४०,००० पाणमांजरं नाहीशी व्हायला चारपेक्षाही कमी ओर्कांची भूक पुरेशी होती. ओर्का पाणमांजरांकडे का वळले, यावर अजून वाद आहेत.

इथपर्यंत कथा सुटसुटीत वाटते. शिकारी गेला की जंगल गेलं, शिकारी आणला की जंगल आलं. दुसरा अर्धा भाग तितका सरळ नाही.

केल्पच्या जंगलात अर्चिन कपारीत बसून वाहून आलेल्या पानांवर गुजराण करतात. ती पानं कमी पडली की ते बाहेर येतात आणि उभी झाडं बुंध्याशी कुरतडतात. जंगल संपल्यावर ते मरायला हवेत. मरत नाहीत. अंगातलं सगळं आटवून वर्षानुवर्षं तग धरतात आणि उगवणारा प्रत्येक कोंब खाऊन टाकतात. म्हणजे उजाड तळ हा बिघडलेला समतोल नाही. तोही एक समतोलच आहे, आणि चिवट. जगभरातल्या नोंदी एकत्र केल्यावर दिसलं की जंगल उजाड व्हायला जितके अर्चिन लागतात, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर ते आल्याशिवाय जंगल परत उभं राहत नाही. उतरण्याची वाट आणि चढण्याची वाट वेगळी.

उत्तर कॅलिफोर्नियाने हे सोसलं. तिथे पाणमांजरं कातड्याच्या व्यापारातच संपली होती, तरी जंगल टिकून होतं, कारण सूर्यफूल तारामासा अर्चिन खायचा. २०१३ मध्ये तारामासे विरघळल्यासारखे मरू लागले. या साथीमागचा जिवाणू २०२५ मध्ये ओळखता आला. पाठोपाठ समुद्र तापला. ९० टक्क्यांहून अधिक केल्प गेलं, जांभळे अर्चिन साठपट झाले, आणि २०१८ मध्ये अबालोन या मोठ्या समुद्री गोगलगाईची हौशी मासेमारी बंद करावी लागली.

आपल्याकडे गिधाडांचं असंच झालं. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर मढी भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला गेली होती. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला पाचेक वर्षं घेतं. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनकडे काही टिकून आहेत, पण विष थांबवलं म्हणून आकाश भरलं असं झालं नाही.

मग पाणमांजरं उत्तर कॅलिफोर्नियात परत सोडावीत का? अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने २०२२ मध्ये या शक्यतेचा अभ्यास मांडला. खेकडे पकडणाऱ्या कोळ्यांना धास्ती आहे, कारण पाणमांजराला खेकडाही तितकाच प्रिय. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दक्षिणेकडच्या मोंटेरे खाडीतली नोंद. तिथे पाणमांजरं आहेत, अर्चिन वाढल्यावर त्यांनी ते जास्त खाल्ले, पण कुठले? उरलेल्या जंगलातले, भरलेले. उजाड तळावरच्या उपाशी अर्चिनांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दाणा नसलेली भुईमुगाची शेंग कोण फोडत बसेल? म्हणजे पाणमांजर असलेलं जंगल राखतं, गेलेलं उभं करत नाही.

सूर्यफूल तारामासा या बाबतीत चोखंदळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने भरलेले आणि उपाशी, दोन्ही अर्चिन खाल्ले. उपाशी तर जरा जास्तच वेगाने. चित्रात या दोन शिकाऱ्यांचे बाण एकाच भक्ष्याकडे जातात आणि तरी एकाचं काम दुसरा करू शकत नाही. वॉशिंग्टनमधल्या फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत २०१९ पासून हा तारामासा अंड्यापासून वाढवला जातो आहे. मेंडोसिनोच्या काही छोट्या खाड्यांत पाणबुड्यांना पैसे देऊन अर्चिन काढून घेतले गेले. पाणमांजरांच्या पिंजऱ्यांआधी या दोन कामांवर खर्च व्हायला हवा, असं मला वाटतं. एवढासा का होईना तळ मोकळा करायचा, तिथे केल्प धरू द्यायचं, तारामासा सोडायचा. पाणमांजराला राखायला काही उरलं, की मग त्याची पाळी.