चिपाड, सोडा आणि भिगवणचा कागद

इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला कागदाची मोठी गिरणी आहे. १९९०च्या दशकात सिनार मास समूहाने ती उभारली आणि २००१ मध्ये ती बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे आली. छपाईचा गुळगुळीत, लेप दिलेला कागद ही तिची ओळख. उभारणी मात्र विकतच्या लगद्यावर झालेली. आणि आसपास भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर असे एकाहून एक साखर कारखाने! टनभर ऊस गाळला की पाव टनाहून अधिक ओले चिपाड उरते. मग लगदा इथेच का शिजवू नये? चिपाडाची इथे वाण नाही. अडचण सोड्याची आहे.

चिपाडातले तंतू लिग्निनने एकमेकांना चिकटलेले असतात. कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवले की लिग्निन विरघळते, तंतू मोकळे होतात आणि मागे काळे द्रावण उरते. लाकूड वापरणाऱ्या मोठ्या गिरण्या ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात. लिग्निनच्या उष्णतेवर वाफ मिळते आणि उरलेल्या क्षारांतून सोडा पुन्हा हाती येतो; त्यासाठी लागणारा चुनाही भाजून परत वापरतात. चिपाडात मात्र सिलिका असते आणि सोडा तिलाही विरघळवतो. द्रावण आटवताना चिकट होते, नळ्यांवर कठीण थर बसतो, आणि सिलिका मिसळलेला चुना पुन्हा भाजण्याच्या कामाचा राहत नाही. शिवाय चिपाडातला भुसभुशीत गाभा सोडा पितो आणि कागदाला बळ काही देत नाही. तो आधीच झटकून काढावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, चिपाड जाळून वीज विकावी हेच बरे. हा हिशेब खोटा नाही. कारखान्याचा बॉयलरच त्यावर चालतो. पण तमिळनाडूत करूर जिल्ह्यातली टीएनपीएल गिरणी साखर कारखान्यांकडून चिपाड घेते आणि बदल्यात त्यांच्या वाफेची, इंधनाची सोय करते. वेगळा काढलेला गाभाही जळणाला चालतो. गाळप काही महिन्यांचे आणि गिरणी बारमाही, म्हणून चिपाड ओले ठेवून रचून साठवावे लागते, तेही जमते. तंतू आखूड असल्याने कागद लवकर फाटतो हा आक्षेपही अर्धाच खरा: छपाईला लागणारा सपाटपणा त्याच आखूड तंतूंतून येतो आणि बळासाठी लांब तंतूंचा थोडा लगदा मिसळता येतो.

खरी अट वेगळी आहे. सोडा परत मिळवण्याची यंत्रणा महाग असते आणि लहान गिरणीला ती परवडत नाही. मग काळे द्रावण सांडपाण्यात जाते. त्यातले लिग्निन सहज कुजत नाही आणि सोडियम जमीन खारवतो. भिगवणला तर उजनीचा फुगवटा टेकलेला, त्यात पुणे-पिंपरीचे सांडपाणी आधीच येते. त्यामुळे इथे चिपाडाचा लगदा करायचाच असेल, तर दहा लहान भट्ट्यांऐवजी अनेक कारखान्यांचे चिपाड घेणारी, सोड्याची वसुली पहिल्या दिवसापासून चालवणारी एकच गिरणी हवी.