सिग्नलचे ‘परत लागणे’ : रेल्वेच्या एका संज्ञेचा अर्थविचार

पारिभाषिक शब्दाचे भाषांतर करताना मूळ शब्दाचा रूढ अर्थ घेऊन भागत नाही. त्या शास्त्राने तो कोणत्या अर्थाने योजला आहे हे पाहावे लागते. रेल्वेच्या सिग्नल-व्यवस्थेतील ‘रिप्लेसमेंट’ ही संज्ञा याचे बोलके उदाहरण होय. तिच्यासाठी ‘बदली’ हा प्रतिशब्द सहज सुचेल. परंतु जुना सिग्नल काढून नवा बसवणे हा अर्थ येथे मुळीच अभिप्रेत नाही. येथे ‘रिप्लेस’ म्हणजे पुन्हा आपल्या जागी नेणे. स्थानकातून चालवल्या जाणाऱ्या सिग्नलची ही जागा म्हणजे ‘थांबा’ दाखवणारी स्थिती. हिरवा दिवा ही एका गाडीपुरती दिलेली संमती असते. ती गाडी सिग्नल ओलांडून गेली की संमती संपते, आणि सिग्नल परत तांबडा होणे हेच त्याचे ‘रिप्लेसमेंट’.

लोकभाषेने ही व्यवस्था आपल्या परीने टिपलेली आहे. जुन्या हाताच्या सिग्नलचा आडवा हात खाली झुकला की गाडीला वाट मिळे. म्हणून ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी येणार, असे लोक म्हणत. उलट, शहरातील रस्त्यावर ‘सिग्नल लागला’ म्हणजे थांबावे लागले. पहिल्या प्रयोगात वाट मोकळी होते, दुसऱ्यात ती बंद होते. या दोन प्रयोगांमधला प्रवास सिग्नल स्वतःहून कसा करतो, हा येथे प्रश्न आहे.

त्याचे उत्तर रुळांतच आहे. मुंबई–हावडा लोहमार्गावरील भिलाई हे भारतीय रुळांचे प्रमुख उत्पत्तिस्थान. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि भारतीय रेल्वेच्या रुळांचा मोठा भाग येथेच घडत आला आहे. रूळ गाडीचे वजन पेलतो हे सर्वांस ठाऊक आहे; तो गाडीची वर्दीही देतो, हे तितकेसे ठाऊक नसते. रुळांचा एक ठरावीक तुकडा दोन्ही टोकांना विद्युतरोधक सांधे बसवून वेगळा करतात. एका टोकाला सोडलेला अल्प दाबाचा प्रवाह दुसऱ्या टोकाच्या ‘रिले’ला उचलून धरतो. गाडीची पोलादी चाके आणि आस त्या तुकड्यावर आले की प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिले आपल्याच भाराने खाली पडतो आणि सिग्नल तांबडा होतो. तार तुटली वा वीज गेली तरी रिले पडतोच. म्हणजे बिघाडाचा कौल थांबण्याच्या बाजूने लागतो. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकाने १८७२ साली या पद्धतीचे एकस्व घेतले. आज अनेक ठिकाणी हे काम आस मोजणारे यंत्र करते.

मात्र ‘गाडी ओलांडून गेली’ म्हणजे नेमके केव्हा? सामान्यतः पहिले चाक सिग्नलपुढील तुकड्यावर आले की सिग्नल परत लागतो. पण भिलाईसारख्या यार्डात वाघिणी ढकलत नेणे हे नित्याचे काम असते. तेथे इंजिन मागे असते. पहिल्या चाकाबरोबर सिग्नल तांबडा झाला, तर मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांसमोर त्याचीच संमती मध्येच काढून घेतल्यासारखे होईल. म्हणून अशा ठिकाणी शेवटचे चाक गेल्यावरच सिग्नल परत लावण्याची योजना करतात.

स्वयंचलित सिग्नलांची गोष्ट निराळी. त्यांची नेहमीची स्थिती ‘पुढे चला’ हीच असते. गाडी गेल्यावर ते तांबडे होतात आणि पुढील मार्ग मोकळा होताच आपोआप पुन्हा वाट देतात. पुढे अपघात झाला तर स्थानकातील माणसाला असा सिग्नल हाताने तांबडा करता यावा, यासाठी स्वतंत्र कळ लागते. यातही एक सूक्ष्म भेद आहे. भारतीय नियमांप्रमाणे स्वयंचलित सिग्नल तांबडा असल्यास चालक दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे थांबून सावधपणे पुढे जाऊ शकतो. अर्ध-स्वयंचलित सिग्नलाखालचा ‘ए’ हा उजळलेला अक्षरदीप विझला, की त्याच तांबड्या दिव्याचा अर्थ ‘आज्ञा मिळेपर्यंत थांबा’ असा होतो. रंग एकच, सोबतच्या चिन्हाने अर्थ पालटतो.

सिग्नल परत लागला नाही तर काय होते, याचा दाखला लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनचा आहे. १२ डिसेंबर १९८८ रोजी तेथे एक गाडी थांबलेली असताना तिच्या मागचा सिग्नल तांबडा झालाच नाही. नवी यंत्रणा बसवताना एक जुनी तार एका टोकाशी जोडलेलीच राहिली होती. मोकळे टोक पुन्हा आपल्या जुन्या जागी टेकले आणि पडायला हवा असलेला रिले उचललेलाच राहिला. मागून आलेली गाडी आदळली. ३५ माणसे मृत्युमुखी पडली. काम झाल्यावर तारा मोजून पाहिल्या असत्या, तर हा दोष उघड झाला असता.

सिग्नलच्या कामाचे शिक्षण आता संगणकावरील अनुकृतीनेही देतात. अनुकृतीत दिवा तांबडा करून दाखवणे सोपे आहे. पण तेवढ्याने शिक्षण होत नाही. जवळ येऊन ठेपलेल्या गाडीसमोर सिग्नल परत लावला, तरी ती तत्क्षणी थांबत नाही. म्हणून तिचा मार्ग काही काळ कुलूपबंदच राहतो. भारतात ही मुदत सामान्यतः १२० सेकंदांची असते. तोवर सांधा हलवता येत नाही. ही प्रतीक्षा, पहिल्या-शेवटच्या चाकाचा भेद आणि परत न लागणारा सिग्नल, हे तिन्ही ज्या अनुकृतीत नाहीत ती शिकाऊ माणसाला खोटा विश्वास देते. खऱ्या स्थानकात त्याची किंमत प्रवाशांना मोजावी लागेल.

तेव्हा या संज्ञेसाठी ‘बदली’ हा शब्द टाळावा. कोशात ‘पुनःस्थापन’ चालेल. पण कामाच्या ठिकाणी ‘सिग्नल परत लावणे’ हा प्रयोग मला अधिक योग्य वाटतो. ‘लागणे’ या क्रियापदात थांबण्याचा अर्थ लोकांनी आधीच भरून ठेवला आहे, आणि ‘परत’ या शब्दाने संमती एकाच गाडीची होती याचे स्मरण राहते.