विमान अडखळतंय? आधी दुखणं ओळखा!

लातूर ते नांदेड हे अंतर विमानाने सुमारे सव्वाशे किलोमीटर. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ घेतलं तर अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. पण गोदावरी दिसायला लागली, लँडिंगची तयारी झाली आणि नेमकं तेव्हाच चित्र अडखळायला लागलं तर? आपला निष्कर्ष ठरलेला असतो, "ग्राफिक्स कार्ड बदला!" ज्या घरात कॉम्प्युटरचं बजेट सोयाबीनच्या भावावर ठरतं, तिथे असा घाईचा निष्कर्ष फार महागात पडतो. म्हणून थोडं समजून घेऊ.

सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० हव्या असतील तर जेमतेम १६.७. तेवढ्या वेळात प्रोसेसर विमानावरची बलं, हवामान, इतर विमानं आणि कॉकपिटमधली यंत्रं यांचा हिशोब करतो. त्यावरून ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवतं. बैलजोडीतला एक बैल दमला की दुसऱ्याच्या ताकदीचा काय उपयोग? इथेही तसंच आहे.

सिम्युलेटरमध्ये बऱ्याचदा आधी दमतो तो प्रोसेसर. कारण यातलं बरंचसं काम एकामागून एकच करावं लागतं, ते सगळ्या कोअर्सना सारखं वाटता येत नाही. आठ कोअर्सपैकी एकच पूर्ण भरला, तरी टास्क मॅनेजर एकूण वापर १२-१३ टक्केच दाखवतो आणि आपण फसतो! म्हणून कोअर्सच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग आणि कॅश मेमरी बघा. एएमडीच्या २०२२ मधल्या ५८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, साध्या ५८००एक्समध्ये ३२. सिम्युलेटरमध्ये हा फरक जाणवतो.

आता फुकटातली चाचणी. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उभे राहा आणि रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. वाढल्या नाहीत तर दोष प्रोसेसरकडे; मग नवं कार्ड घेऊन काहीच होणार नाही. त्यापेक्षा एअर ट्रॅफिक आणि दूरवरच्या दृश्याचा तपशील कमी करून बघा.

रॅमचं गणितही बदललंय. २००६ चा फ्लाइट सिम्युलेटर एक्स ३२-बिटचा होता, त्यामुळे ४ जीबीच्या वर त्याला वापरताच येत नव्हती. २०२० च्या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टची शिफारस १६ जीबीची होती, २०२४ च्या आवृत्तीसाठी ती ३२ झाली. शिवाय नकाशे आणि फोटो इंटरनेटवरून येतात, म्हणून नेट संथ असेल तर जमीन धूसर दिसते. त्याचं खापर कार्डावर फोडू नका. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली की लोडिंगची वाट बघणं बरंच कमी होतं.

शेवटी आपल्या मराठवाड्याचे दोन खास मुद्दे. पहिला उन्हाळा. बाहेर ४२ अंश असताना कॅबिनेटमध्ये हवा खेळती नसेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. जानेवारीत छान चालणारं मशीन मे महिन्यात रडतं ते यामुळेच. आधी धूळ साफ करा, एक चांगला पंखा बसवा. दुसरा मुद्दा लाइटचा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मोठं कार्ड लावलेलं मशीन त्याहून जास्त ओढू शकतं. मग लाइट गेली की यूपीएसही बसतो आणि विमान हवेतच राहतं! पॉवर सप्लायमध्ये काटकसर करून उरलेल्या पैशात मोठं कार्ड घेणं तर शुद्ध वेडेपणा. तो जळाला तर सोबत आणखी काय नेईल, सांगता येत नाही.

थोडक्यात, आधी चाचणी, मग साफसफाई, मग सेटिंग, आणि खिशात हात सगळ्यात शेवटी. निदान केल्याशिवाय औषध घेऊ नये, हे इंजिनिअरलाही लागू आहेच की!