आधी पाण्याचा ताप बघा

बीव्हरकिल नदीवर पोचले की गळाच्या आधी मी पाण्यात थर्मामीटर सोडते. वाहत्या धारेत, सावलीच्या बाजूला, मिनिट-दोन मिनिटं धरायचा. काटा ६५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १८ सेल्सिअसच्या आत असला तर काठी जोडते. ६८ म्हणजे २० सेल्सिअस दिसले, तर काठी गाडीतच राहते; मग न्यू जर्सीतून पहाटे निघून इथवर गाडी हाकत आलेली असले तरी. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २० अंशांच्या पाण्यात नऊच्या आसपास. आणि पाणी तापलं की माशाच्या अंगाला तो लागतो मात्र जास्त. अशा पाण्यात गळाशी झटापट करून दमलेला मासा तुम्ही अगदी हळुवार सोडलात तरी काही तासांनी कुठेतरी दगडाखाली मरून पडू शकतो.

‘फ्लाय फिशिंग’ म्हटलं की लोक मला सिनेमातल्या दृश्याबद्दल विचारतात: पाण्यात उभा माणूस आणि डोक्यावर हवेत वळणं घेणारी लांबलचक दोरी. ते देखणं असतंच. पण या छंदातलं निम्मं शहाणपण काठी हातात घेण्याआधीचं आहे. पाणी किती थंड, कुठला कीटक बाहेर पडतोय, मासा काय खातोय आणि आज त्याला हात लावावा की नाही. ट्राउटचे कायदे वाचले की त्यात हेच प्रश्न दिसतात, फक्त सरकारी भाषेत.

मी जाते तो भाग म्हणजे न्यूयॉर्क राज्यातले कॅट्सकिल डोंगर. रॉस्को नावाच्या छोट्या गावाशी विलोविमॉक आणि बीव्हरकिल या दोन नद्या मिळतात; त्या संगमाच्या डोहाला जंक्शन पूल म्हणतात. अमेरिकेतल्या ‘ड्राय फ्लाय’ची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बनावट माशीची परंपरा याच डोंगरांत रुजली. मूळचा रहिवासी इथला ब्रुक ट्राउट, तोच राज्याचा अधिकृत मासा. एकोणिसाव्या शतकात कातडी कमावायच्या कारखान्यांनी सालीसाठी इथली हेमलॉकची झाडं बेसुमार तोडली. सावली गेली, पाणी तापलं, गाळ आणि घाण वाढली, आणि ब्रुक ट्राउट वरच्या थंड ओढ्यांपुरता उरला. १८८३ मध्ये जर्मनीतून ब्राउन ट्राउटची अंडी न्यूयॉर्कला आली. हा पाहुणा थोडं ऊन पाणी सोसतो आणि सहजासहजी फसत नाही. आज बीव्हरकिलमध्ये मुख्यतः त्याचंच राज्य आहे.

आता माशीकडे येऊ. ट्राउटच्या जेवणात मेफ्लाय नावाच्या नाजूक कीटकाला मोठा मान आहे. त्याची अळी, इथे तिला निम्फ म्हणतात, बहुतेक जातींमध्ये वर्षभर नदीच्या तळाशी दगडांना चिकटून जगते. ठराविक ऋतूत, पाणी ठराविक अंशांवर आलं की या अळ्या हजारोंनी वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागावर कात फाटते, पंख उघडतात, आणि ते वाळेपर्यंत माशी धारेवर उभी तरंगत जाते. वाचली तर झाडावर. तिथे ती पुन्हा एकदा कात टाकते. उडणारे पंख आल्यावर कात टाकणारा कीटकांत हा एकच गट. मग थव्यानं मीलन, पाण्यावर अंडी, आणि शेवट. मोठी झालेली मेफ्लाय काही खातच नाही, तिला खाण्यासारखं तोंडच नसतं. एवढा सगळा खेळ बहुधा एक-दोन दिवसांत उरकतो.

कॅट्सकिलमधली सगळ्यात लाडकी मेफ्लाय म्हणजे हेन्ड्रिक्सन. एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला, दुपारी दोनच्या सुमारास ती निघते. सकाळभर नदी रिकामी वाटते. मग एका खडकामागे पाण्यावर एक वर्तुळ उमटतं, थोड्या वेळानं त्याच जागी दुसरं. मासा तोंड वर करून एकेक माशी टिपतो आहे. या घटकेला तुमच्याकडे हुबेहूब त्या आकाराची, त्या रंगाची आणि त्याच तऱ्हेनं तरंगणारी माशी हवी. रॉय स्टीनरॉड नावाच्या माणसानं १९१६ मध्ये बीव्हरकिलवरच या कीटकासाठी फ्लाय बांधली. तिचं गुलाबट अंग कोल्ह्याच्या पोटाकडच्या लोकरीचं असतं, पंख बदकाच्या पिवळसर पट्टेदार पिसाचे, पायांच्या जागी कोंबड्याच्या मानेचं निळसर राखाडी पीस गुंडाळलेलं. ती पिसं पाण्यावर टेकतात आणि सगळा गळ तरंगता ठेवतात.

स्टीनरॉड ज्याच्याकडून शिकला तो थिओडोर गॉर्डन. क्षयानं पोखरलेला, एकटा राहणारा माणूस. त्यानं इंग्लंडमधल्या फ्रेडरिक हाल्फोर्डला पत्र लिहिलं आणि १८९० मध्ये हाल्फोर्डनं पाकिटातून ड्राय फ्लायचे नमुने धाडले. ते होते इंग्लंडच्या संथ, नितळ नद्यांसाठी. कॅट्सकिलच्या खळाळात ते बुडायचे. शिवाय इथले कीटक निराळे. गॉर्डननं ताठ पिसं, विरळ बांधणी आणि इथल्या कीटकांचे रंग घेऊन नव्या माश्या बांधल्या. त्याची ‘क्विल गॉर्डन’ मी अजूनही एप्रिलमध्ये वापरते. तिच्या अंगावरचे फिके-गडद पट्टे कशाचे असतात? मोरपिसाच्या डोळ्यातला एक तंतू घ्यायचा, त्यावरची लव नखानं खरवडायची आणि उरलेली काडी गळावर गुंडाळायची. कीटकाच्या पोटावरची वलयं इतकी खरी दुसऱ्या कशानं दिसत नाहीत.

पिसांचा विषय निघाला की आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा आठवतो. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणचट, डोळ्यासारखे ठिपके असतात. एकेकाळी ‘जंगल कॉक’ या नावानं ही पिसं भारतातून विलायतेला जात, सामन माशाच्या भपकेबाज फ्लायसाठी. त्यापायी मारले गेलेले पक्षी परत येत नाहीत. आता भारतात त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि निर्यात बंद आहे. मी ते पीस वापरत नाही. माशी बांधायला लागणारी बाकी पिसं खास त्यासाठी पाळलेल्या कोंबड्यांची मिळतात, आणि ती उत्तम असतात.

सामानाची यादी सांगायला बसले तर दुकान उघडावं लागेल, म्हणून कामापुरतं सांगते. नऊ फुटी काठी, पाच नंबरची दोरी, साधं रीळ. मालवणजवळ देवबागच्या खाडीत आम्ही गरवायला जायचो तेव्हा गरीला शिसं बांधलेलं असे. वजन शिशाचं, दोरी त्याच्या मागून जाई. इथे उलटं आहे. माशीला वजनच नाही, म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे नऊ ग्रॅम भरतात. ती जाड दोरी मागे फेकायची, मागे पुरती सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. जोर लावणाऱ्याला हे लवकर जमत नाही, थांबणाऱ्याला जमतं. गेल्या मे महिन्यात माझा भाचा मालवणहून आला होता. लहानपणापासून पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकलेला हात त्याचा. दुपारपर्यंत त्याची दोरी माझ्यापेक्षा सरळ जाऊ लागली, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

जाड दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा नऊ फुटी लीडर, आणि त्याचं शेवटचं टोक, टिपेट, केवळ ०.१५ मिलिमीटर जाडीचं. ते इतकं बारीक का? माशाला दिसू नये हे एक कारण. दुसरं माझ्या मते जास्त मोठं आहे: माशी मोकळी वाहायला हवी. नदीत एकच धार नसते. तुमच्या पायाशी संथ पाणी, मध्ये जोराची धार, पलीकडे खडकामागे पुन्हा संथ. माशी पडते त्या पलीकडच्या संथ पाण्यात आणि दोरी पडते मधल्या धारेवर. धार दोरीला ओढते, दोरी माशीला, आणि खऱ्या माश्यांच्या रांगेत तुमची एकटीच माशी घसरत जाते. ब्राउन ट्राउटला एवढं पुरतं, तो तोंड फिरवतो. म्हणून दोरी पाण्यावर पडल्या पडल्या काठीचं टोक उचलून दोरीचं पोट धारेच्या वरच्या अंगाला टाकायचं. तीन-चार फूट मोकळा प्रवास मिळाला तरी पुष्कळ. माशी चुकीची असली तरी एखादा मासा माफ करतो; ओढली जाणारी माशी सहसा कुणी माफ करत नाही.

बाकी छातीपर्यंत येणारी रबरी विजार, पाण्यात आधाराला काठी, गळ सोडवायला बारीक चिमटा, आणि दोऱ्याच्या जाळीऐवजी रबराची जाळी, कारण रबर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडत नाही. गळाचा उलटा काटा मी चिमट्यानं दाबून टाकते. नदी बदलताना सगळं धुऊन पूर्ण वाळवायचं. ओल्या बुटांतून एका नदीतलं शेवाळ आणि रोग दुसऱ्या नदीत जातात.

परवान्याशिवाय यातलं काहीच चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो लागतो: राज्यातल्या रहिवाशाला वर्षाचे २५ डॉलर, माझ्यासारख्या बाहेरच्याला ५०. भाच्यासाठी एका दिवसाचा १० डॉलरचा काढला. नद्यांसाठीचे नियम २०२२ मध्ये नव्यानं आखले गेले. १ एप्रिल ते १५ ऑक्टोबर मासे ठेवता येतात. उरलेले महिने पकडायचा तो सोडायचाच, आणि गांडूळ वगैरे खरं आमिष चालत नाही. सरकार जिथे मासे सोडतं तिथे दिवसाला पाच, त्यांत १२ इंचांहून मोठे दोनच. जिथे मासे आपोआप वाढतात तिथे आकडा उतरत जातो: तीन, आणि सगळ्यात चांगल्या जंगली ओढ्यांवर एक. बीव्हरकिल आणि विलोविमॉकच्या काही पट्ट्यांत तर बाराही महिने एकही मासा नेता येत नाही. शिवाय ठिकठिकाणचे खास नियम निराळे, ते निघण्यापूर्वी दरवेळी वाचावेत. काठावरून कुठे चालायचं तेही ठरलेलं आहे. सरकारनं जमीनमालकांकडून मासेमारीचा हक्क विकत घेतलेल्या जागी पिवळ्या पाट्या असतात. वरची बीव्हरकिल बरीचशी खासगी क्लबांच्या ताब्यात आहे, तिथे पाऊल टाकता येत नाही. मला ते पटत नाही, पण पाटी पाळते.

हिवाळ्यातली बंधनं भाच्याला समजावून सांगावी लागली नाहीत. ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात. मादी शेपटीनं खडी उकरून खळगा करते, अंडी खडीखाली हिवाळाभर राहतात. तळाला कुठे स्वच्छ, फिकट खडीचा चट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नये, खाली अंडी असतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात जाणाऱ्या घरातला तो मुलगा, त्यानं मान डोलावली. अडला तो दुसरीकडे. मी चौदा इंची ब्राउन ट्राउट पाण्यातच ठेवून गळ काढला, तो वळून खोल पाण्यात गेला, आणि भाचा म्हणाला, “आते, सोडूचोच आसा तर धरूचो कित्याक?”

प्रश्न रास्त आहे. मी त्याला म्हटलं, ही समुद्राची खाडी नाही, एवढीशी नदी आहे. या आकाराचा मासा व्हायला तीन-चार वर्षं लागतात आणि मेमधल्या एका रविवारी या डोहावर काठ्या किती असतात ते बघ. प्रत्येकानं एकेक नेला तर जूनमध्ये इथे कुणी येणार नाही, आणि नदीसाठी भांडायलाही कुणी उरणार नाही. ली वुल्फ या जाणत्या गरवणाऱ्यानं १९३० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की असा मासा एकदाच पकडून संपवण्याइतका स्वस्त नाही. त्यांच्या पत्नी जोन वुल्फ, मूळच्या न्यू जर्सीतल्या पॅटर्सनच्या, दोरी फेकण्याच्या स्पर्धांतल्या विजेत्या. त्यांनी याच बीव्हरकिलच्या वरच्या अंगाला शाळा काढून किती माणसांना हे शिकवलं. पण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं मी भाच्याला सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. हात आधी ओले करायचे, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, कल्ल्यांना बोट लावायचं नाही, झटपट ओढून घ्यायचा, आणि ताप बघायचा. एवढं केलं की बहुतेक जगतात.

आणि मी मासे खातही नाही असं नाही. सरकारनं सोडलेले दोन ब्राउन ट्राउट मेमध्ये नियमानं घरी नेले, तिखट-मीठ, कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर परतले. भाच्याचं मत पडलं की सुरमईची सर नाही. माझंही तेच मत आहे.

हाच मासा भारतातही आहे. काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउटची अंडी १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आली, तिथून पुढे कुलूच्या खोऱ्यात. हिमाचलच्या तीर्थन नदीवर किंवा काश्मीरच्या लिद्दरवर फ्लाय टाकायची असेल तर तिथल्या मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तेच, अंडी.

जुलै लागला की बीव्हरकिल खाली तापते. हॉर्टन गावच्या लोखंडी पुलापासून खालच्या पट्ट्यात १ जुलै ते ३१ ऑगस्ट मासेमारीच बंद, कारण उन्हानं त्रासलेले ट्राउट तिथे थंड पाण्याच्या आसऱ्याला दाटीनं गोळा होतात. तेव्हा मी डेलावेअर नदीच्या पूर्व शाखेवर जाते, डाउन्सव्हिलच्या धरणाखाली. त्या धरणामागच्या, न्यूयॉर्क शहराला पाणी पाजणाऱ्या पेपॅक्टन जलाशयात चार गावं बुडाली. धरणाच्या तळातून सुटणारं पाणी ऐन उन्हाळ्यात इतकं गार असतं की विजारीखाली लोकरीचे मोजे लागतात. तिथे सल्फर नावाची पिवळी, चिमुकली मेफ्लाय जुलैतही निघते. गळ सोळा किंवा अठरा नंबरचा, टिपेट आणखी बारीक. थर्मामीटर तिथेही आधी.